डूनमॅराच्या बुरुजाची खरी उंची

४ मे

प्रिय श्रुती,

सप्रेम जय भीम. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता बदललेला दिसेल. त्याचं कारण शेवटी सांगतो, तोवर फोन लावू नकोस. पत्र पुरं वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि तू रडायला लागलीस की मी कशालाही हो म्हणतो, हे तुला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. त्याचा फायदा तू सायकलपासून नर्सिंगच्या कॉलेजपर्यंत सगळीकडं घेतलास. म्हणून यावेळी कागद घेतला. अक्षर बारीक आलंय, चष्मा लावून वाच. कागद थोडेच होते, म्हणून दाटीवाटीनं लिहितोय असं समज.

बारा जूनची तिकिटं काढल्याचं तू मार्चमध्ये सांगितलंस. मेअखेरीला राजीनामा देणार, आदर्श मागाहून येणार, आणि माझ्या नातीसाठी, अवनीसाठी, तळमजल्यावर वर्ग असलेली शाळा मी बघून ठेवायची. जानेवारीत मी न्हाणीघरात पडलो आणि शेजारच्या गुंडूनं दार फोडून मला बाहेर काढलं, तेव्हापासून तुझ्या डोक्यात हे घोळतंय. मी शाळा बघितली नाही. का बघितली नाही, त्याचं उत्तर मला द्यायचं आहे. पण त्याआधी तिकडं आयर्लंडात तुझ्या घरामागच्या किल्ल्याबद्दल लिहितो. मी तिथून निघालो तेव्हा तू म्हणाली होतीस, की आमच्या गावच्या मायकेलकडून ऐकलेलं सगळं अवनीसाठी मराठीत लिहून ठेवा. दोन वर्षं मी ते आज-उद्या करत ढकललं. आता ते पुरं करतो, आणि उत्तरही त्यातच आहे.

आपल्याकडं किल्ला म्हटलं की माणसं आधी घोषणा देतात आणि मग फोटो काढतात. मला सवय वेगळी. माझा आजा कागलकडच्या गावात तराळकी करायचा, गावाचे सांगावे पोचवायचा आणि राहायचा वेशीबाहेर. शाळेची सहल पन्हाळ्याला गेली तेव्हा मी मास्तरांना विचारलं होतं, की हे दगड वर कुणी वाहिले. मास्तरांनी वहीत लिहून घ्यायला सांगितलं ते बांधणाऱ्या राजाचं नाव. तेव्हापासून पडका वाडा दिसो की बुरूज, मी आधी दगड बघतो आणि मग मालक. तुझी आई, आपली अव्वा, गेल्यावर मी तीन महिने तुझ्याकडं आलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो डूनमॅराचा बुरूज पहिल्यांदा बघितला, तेव्हाही माझ्या मनात हेच आलं. छप्पर नाही, एक बाजू कोसळलेली, आत माजलेलं गवत आणि डोक्यावर कावळे. तू म्हणालीस, आप्पा, त्याला मालकच नाही. मला बरं वाटलं होतं.

मालक होते, आणि चांगले ओळीनं होते. पहिला होता ओ'हेरन नावाचा सरदार. त्यानं सहाशे वर्षांपूर्वी तो बुरूज उभा केला, म्हणजे लोकांकडून करवून घेतला. त्याची जनावरं, त्याचे भाट, त्याची भांडणं. दोनशे वर्षांनी इंग्लंडातून फौज आली. शिपायांना पगार द्यायला सरकारकडं काही नव्हतं, म्हणून पगाराच्या बदल्यात जमिनी वाटल्या. एका कॅप्टन लॉव्हेलला हा किल्ला आणि भोवतालची गावं मिळाली. गावातल्या माणसांना कुणी विचारलं नाही. काल ओ'हेरनचा खंड भरत होते, आज लॉव्हेलचा. मायकेल हे सांगताना हसायचा. म्हणायचा, आमच्यासाठी फक्त शिव्या देण्याची भाषा बदलली. मला त्याचं इंग्रजी निम्मं कळायचं आणि माझं त्याला पावही नाही, पण दोघंही सुतार. त्यानं रंधा कसा धरलाय हे बघून मला त्याचं निम्मं आयुष्य कळलं होतं. धोंडीराम म्हणता येईना म्हणून त्यानं माझं डोंडी केलं, आणि गावात सगळ्यांना मी भारतातून आलेला मोठा कारागीर म्हणून सांगत सुटला. त्यातूनच पुढचा घोटाळा झाला.

घोटाळा अवनीला समजायचा तर माझा धंदा तिला सांगावा लागेल. शिरोलीत एकोणचाळीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले. पंपाची बॉडी असो नाहीतर ट्रॅक्टरचा कुठला भाग, आधी तो लाकडात करायचा, मग त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. बीड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो, शंभराला एक या मापानं. प्रत्येक वेळी आकडेमोड नको म्हणून आमची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर एक फूट म्हणून जी खूण असते, ती खऱ्या फुटापेक्षा जराशी पुढं असते. श्रिंकेजची पट्टी म्हणतो आम्ही तिला. दिसायला साध्या पट्टीसारखीच, कोपऱ्यात बारीक अक्षरं कोरलेली असतात तेवढाच फरक. साध्या कामाला ती वापरायची नाही, हे नव्या कारागिराला पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्वतः कितीजणांना शिकवलंय.

आणि मीच ती बॅगेत घालून आयर्लंडला आलो. हात रिकामे राहू नयेत म्हणून चार पटाश्या, ओळंबा आणि एक पट्टी घेतली होती, ती नेमकी हीच. मायकेलच्या गावसमितीला शाळेसाठी बुरुजाची लाकडी प्रतिकृती हवी होती. मी जिना चढून वरून ओळंबा सोडला, दोरी गवतावर पसरली आणि गुडघ्यावर बसून मोजली. साठ फूट पाच इंच. समितीच्या फलकावर होतं एकसष्ट. मी म्हटलं, तुमचा फलक चूक आहे. पुन्हा मोजली, पुन्हा तेवढीच. एकोणचाळीस वर्षं मोजमापात घालवलेला माणूस मी, ऐकतोय कशाला. मायकेलनंही माझी बाजू घेतली, आणि मी निघायच्या आठवड्यात त्या भल्या लोकांनी फलक उतरवून नवा लावला. त्यावर माझ्या मापाची उंची, खाली माझं नाव. तू फोटो काढलास. तो मी शिरोलीत दहाजणांना दाखवला असेल. इथं आल्यावर दोन महिन्यांनी दाराची चौकट मोजताना ती पट्टी हातात आली आणि कोपऱ्यातली अक्षरं दिसली. लांब पट्टीनं मोजलं की समोरची वस्तू कमी भरते. त्यांचा बुरूज एकसष्टच होता. एवढ्या लढाया झाल्या, वारापाऊस झाला, तरी टिकलेला तो बुरूज कोल्हापूरच्या एका मिस्त्रीनं सात इंचांनी खाली आणला. लाजेपायी मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुलासुद्धा.

त्याच पट्टीनं मी आणखी एक माप घेतलं होतं, ते तुला आठवत असेल. बुरुजाच्या दाराशी, आतल्या अंगाला, वारा लागत नाही तिथं. अवनी तेव्हा पाच वर्षांची. तिची चाकाची खुर्ची मी तिथंवर ढकलत न्यायचो. एक दिवस तिनं हट्ट धरला, की मला उभं कर. मी तिला दगडी भिंतीला टेकवून उभी केली आणि हात सोडले. नऊ आकडे मोजेपर्यंत ती उभी राहिली. दोन वर्षांची होईपर्यंत जिला बसता येत नव्हतं, ती पोर. मी डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीनं दगडावर खूण केली, तीन फूट दोन इंच. तू पळत आलीस आणि मला ओरडलीस, की पडली असती म्हणजे. मग तूच भिंतीला टेकून रडलीस. त्या दिवशी संध्याकाळी तू मला सांगितलंस, की दर चार महिन्यांनी तिच्या पाठीच्या कण्यातून जे औषध देतात, त्याच्या जोरावर ती उभी आहे, आणि ते तिथलं सरकार देतं म्हणून मिळतंय. भारतात आपल्यासारख्यांच्या हाताला ते लागणारं नाही. हे तूच सांगितलंस, श्रुती. तुझे शब्द मी विसरलेलो नाही.

आता राहिलेल्या मालकांचं सांगतो. लॉव्हेल घराण्यानं अडीचशे वर्षं राज्य केलं. बटाट्याचा दुष्काळ पडला तेव्हा खंड थकलेल्या चाळीस घरांना त्यांनी बाहेर काढलं. काढलं म्हणजे दाराला कुलूप नाही लावलं. कुलूप लावलं तर माणसं परत येतात, मागल्या बाजूनं शिरतात, चूल पेटवतात. म्हणून शिपाई छपरावर चढायचे, आढ्याला दोर बांधायचे आणि छप्पर खाली ओढायचे. छप्पर नसलेल्या घरात माणूस परत येत नाही, ही त्यांची रीत. मायकेलच्या पणज्याचं घर त्यातलंच. त्या भिंती अजून आहेत, तुमच्या सुपरमार्केटच्या मागं, गुडघाभर उंचीच्या. तुला वाटलं होतं मेंढ्यांचे गोठे आहेत. मला ऐकून संताप आला, पण नवल वाटलं नाही. अशी माणसं मला आपल्याकडचीही माहीत आहेत.

शेवटची मालकीण मिस लॉव्हेल. एकटी, अविवाहित. तिचा भाऊ पहिल्या महायुद्धात गेला आणि परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही. तिनं किल्ल्याच्या अंगाला बांधलेल्या घरात त्याची खोली चाळीस वर्षं जशीच्या तशी ठेवली. पलंगावर धुतलेली चादर, हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा शेगडी. बाकीच्या खोल्या गळायच्या, ती मात्र कोरडी. गावातली माणसं तिला हसायची आणि थोडी घाबरायचीही. मग एक दिवस तिनं मायकेलच्या वडिलांना बोलावलं, ते गावचे सुतार, आणि सांगितलं की छप्पर उतरवा. सगळं, भावाच्या खोलीवरचंसुद्धा. गावानं म्हटलं, घरपट्टी चुकवायला करतेय, कारण तेव्हा तिथं बिनछपराच्या घराला पट्टी लागत नव्हती. मायकेलचे वडील मोठ्या हौसेनं वर चढले. त्यांच्या आजाचं छप्पर हिच्या आजानं ओढलेलं. पण आढं सुटायच्या वेळी त्यांनी टोपी काढून हातात घेतली, आणि का घेतली ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मिस लॉव्हेल खाली खुर्ची टाकून बसली होती. ती त्यांना एवढंच म्हणाली, की छप्पर होतं तोवर मला इथून हलता येईना. नंतरची अकरा वर्षं ती पोस्टाच्या वरच्या खोलीत राहिली आणि तिथंच गेली. हा झाला तुझ्या किल्ल्याचा इतिहास. मायकेलनं ही गोष्ट मला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा त्यानं का सांगितली हे मला तेव्हा कळलं नाही. तू कामावर असताना मी त्याला आपल्या वरच्या मजल्याचा फोटो दाखवला होता.

आपला वरचा मजला. तू गेलीस त्या वर्षी मी तो चढवला. तू म्हणाली होतीस, पाच वर्षं, आप्पा, फार तर सहा, मग परत. मी ते माझ्या पट्टीनं मोजलं आणि मला ते जवळच वाटलं. लोक स्लॅब टाक म्हणत होते, मी हट्टानं सागवानी आढं, वासे आणि मंगलोरी कौलं घातली, कारण लहानपणी तुला कौलांचा आवाज आवडायचा. अव्वा दर शुक्रवारी वर जाऊन झाडायची, पुसायची, गाद्यांना ऊन दाखवायची. गुडघे गेले तरी बसून बसून सतरा पायऱ्या चढायची. मी म्हटलं, कशाला मरायला जातेस वर, तर म्हणाली, "पोरगी यील तवा काय लोकांच्यात उतरंल व्हय?" ती गेली, त्याच्या आदल्या शुक्रवारीही वर जाऊन आली होती. मग मी झाडत राहिलो. अकरा वर्षं झाली, श्रुती. तुझ्या फ्रिजशेजारच्या खिळ्याला त्या मजल्याची किल्ली आहे, मी बघितलीय. आणि गंमत बघ, चाकाच्या खुर्चीतली पोर त्या सतरा पायऱ्या कशी चढणार, हे तू मला विचारलं नाहीस आणि मी तुला विचारलं नाही. मी पोटापाण्यासाठी आयुष्यभर मापं घेतली, अव्वानं प्रत्येक पायरी अंगानं मोजली, आणि कुणालाच ते दिसलं नाही. दिसलं असेल, पण बोललो नाही.

मार्चमधल्या त्या फोनवर तू म्हणालीस, की डॉक्टर म्हणतात औषध थांबवलं तरी फारसा फरक पडणार नाही, इथं व्यायाम चालू ठेवला की झालं. मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मी उड्या मारायचा बाकी होतो. वर जाऊन गाद्या उन्हात टाकायला गुंडूला सांगितलं. आठ दिवसांनी आदर्शचा फोन आला. हॉस्पिटलच्या बाहेर गाडीत बसून करत होता. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाला, आप्पा, डॉक्टर तसं म्हणालेले नाहीत. औषध थांबलं तर आलेलं सगळं हळूहळू जाईल, आधी उभं राहणं आणि मग बसणं, आणि त्याच्या पुढचं त्याला बोलवेना. मी हे श्रुतीला बोलून दाखवलं की तिला वाटतं, मला तुम्ही नको आहात, असं म्हणाला. रडत होता. त्याच्यावर रागावू नकोस. जावई सासऱ्याला फोन करून असं रडतो, तेव्हा त्याला दुसरा कुणी उरलेला नसतो.

तू खोटं बोललीस म्हणून मला राग आला नाही, कारण ती पट्टी तुला मीच दिली. मी तुला काय काय कमी करून सांगितलंय ते आता साध्या पट्टीनं सांगतो. हात थरथरतो ते म्हातारपणानं नाही. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कंपवात सांगितला, अव्वा होती तेव्हाच. तिला मी शपथ घातली होती. अक्षर बारीक आलंय ते कागद कमी आहेत म्हणून नाही. या आजारात अक्षर आपोआप लहान होत जातं. मी मोठं काढायला जातो आणि ते मुंगीएवढं उतरतं. हे पत्र लिहायला मला आठ दिवस लागलेत. जानेवारीत मी न्हाणीघरात दहा मिनिटं पडलो होतो असं सांगितलं. सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून होतो. गार फरशीवर पडल्या पडल्या मी तुला हाका मारत होतो. लहानपणी तू मारामारीत हरलेल्या पोरासारखं तोंड करून शिरोलीच्या बसथांब्यावर माझी वाट बघत उभी राहायचीस, ते डोळ्यांसमोर येत होतं. मला तू हवी होतीस. आजही हवी आहेस. हेही साध्या पट्टीनंच सांगतोय.

म्हणूनच मला माझा भरवसा नव्हता. तू फोनवर आणखी एकदा विचारलं असतंस तर मी ये म्हणालो असतो. वर घर तयार आहे, गाद्या उन्हात टाकल्यात, असं म्हणालो असतो. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गुंडूला बोलावलं आणि छप्पर उतरवायला सांगितलं. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आप्पा, डोकं फिरलंय का तुमचं? ह्ये सागवान काय आजकाल गावतंय व्हय? आणि लेक यायची हाय न्हवं जूनात?" मी म्हटलं, म्हणूनच. त्याला कळलं नाही, पण त्यानं केलं. तीन दिवस लागले. मी रस्त्यावर खुर्ची टाकून बसलो. कौलं एकेक करून खाली आली. निम्मी विहाराच्या पडवीला दिली, निम्मी गुंडूला. वासे, रिपा निघाल्या. आढं सोडताना दोर बांधून हळूच उतरवलं, मी बसवलेला लाकडाचा सांधा इतका घट्ट होता की तो शेवटी करवतीनं कापावा लागला. माझ्या डोक्यावर टोपी नव्हती. मी उठून उभा राहायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही.

आता पत्त्याचं सांगतो आणि पत्र कशासाठी लिहिलं तेही. जागा मी विकली. घेणारा पावसाळा झाला की खालचंही पाडणार आहे. मी एक मेपासून कागलच्या पुढं, हायवे सोडून आत, वृद्धाश्रमात राहायला आलोय. खिडकीतून ऊस दिसतो. संयोगिता नावाची गडहिंग्लजकडची पोरगी सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावते, आणि तीही परदेशच्या नर्सिंगची परीक्षा देणार आहे म्हणून माझ्याकडून तुझी चौकशी करते. हे पत्र तीच टपालात टाकेल. तू तिथं कामावर मायकेलच्या म्हाताऱ्या बहिणीला भरवतेस, इथं मला ही भरवेल. यात न्याय आहे की नाही ते मला कळत नाही, आणि मला ते सोसवतही नाही, पण असं आहे. तिकिटं रद्द कर. राजीनामा देऊ नकोस, दिला असशील तर मागं घे. यायला घर उरलेलं नाही, मी उरू दिलं नाही. अवनीला सोडून तू यायची नाहीस, तिला घेऊन मी येऊ देणार नाही, आणि मला आता विमानात चढता येणार नाही. म्हणजे आपली भेट झाली ती झाली. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. खिळ्यावरची किल्ली फेकू नकोस, अवनीला खेळायला दे. मायकेलला माझी चूक सांग, फलक पुन्हा बदलायला लाव, एकसष्ट फूट. आणि एक काम कर. पुढचं औषध झालं की अवनीला घेऊन बुरुजाच्या दाराशी जा, माझी पेन्सिलीची खूण शोध. ती खूण तीन फूट दोन इंचांची नाही, जवळजवळ अर्धा इंच जास्त आहे. पोरगी तेव्हाच माझ्या आकड्यापेक्षा उंच होती. तिथंच तिला भिंतीला टेकवून उभी कर, हात सोड, आकडे मोज. मग दुकानातून आणलेल्या साध्या पट्टीनं तिची उंची घे आणि मला पत्रानं कळव. एक रेघही कमी-जास्त लिहू नकोस.

तुझाच, पट्टी चुकलेला
आप्पा